मोज्यांच्या खणातली पवनचक्की

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोला असं काही द्यायचं, की ती गप्पच झाली पाहिजे, असं मी ठरवलं. (पंचवीस वर्षांत हे मला एकदाही जमलेलं नाही.) म्हणून समुद्रातल्या पवनचक्कीतला माझा हिस्सा मी गुपचूप बिर्थेच्या नावावर केला.

आमच्या डॅनिश बेटाजवळची ही चक्की गावकऱ्यांच्या सामाईक मालकीची. बिर्थे चक्कीच्या मंडळाची अध्यक्ष, मी सेक्रेटरी. परवान्यातली अट स्वच्छ आहे: हिस्सा एकाकडून दुसऱ्याकडे गेला, की चौदा दिवसांत सरकारला आणि सभासदांना कळवायचं. कळवायचं काम माझंच. पण कळवलं तर बिर्थेलाही कळणार, मग भेट कसली डोंबलाची? मी कळवण्याचा फॉर्म मोज्यांच्या खणात कोंबला आणि नोंदवहीत माझं नाव खोडून नव्या मालकाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवली.

चौदावा दिवस नेमका वार्षिक सभेचा निघाला, आणि लग्नाचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी. सभेसाठी मी सकाळपासून खपून बदामाचा केक केला होता. कॉफी ओतेपर्यंत बिर्थेने नोंदवही उघडली आणि तिचा चेहरा पडला.

"प्रेबेन, तुझं नाव खोडलंय. कुणाला विकलास हिस्सा?"

झालं! कुणी म्हणालं परदेशी कंपनी शिरली, कुणी म्हणालं आता अख्खी चक्की जाणार. आमच्याकडे लग्नाला पंचवीस वर्षं झाली, की त्या पहाटे शेजाऱ्यांनी दारात फांद्यांची कमान उभारायची असते. त्यासाठी शेजारच्या इगॉनने फांद्या तोडूनही ठेवल्या होत्या. तो माझ्या कानाशी आला. "कमान बांधायची ना रे उद्या? की फांद्या बकरीला घालू?"

बिर्थेचे डोळे भरले होते. "इतक्या वर्षांत माझ्यापासून काही लपवलं नव्हतंस," ती म्हणाली. खड्ड्यात गेली ती भेट, म्हणत मी पुढे होऊन पट्टी टरकावली. खाली तिचंच नाव.

ती खरोखर गप्प झाली. चांगली मिनिटभर! मग तिने सगळ्यांदेखत माझा मुका घेतला आणि मला फॉर्म आणायला घरी पिटाळलं. मी धापा टाकत परतलो. 'बदलाचे कारण' या रकान्यात तिने 'नवरा' एवढंच लिहून सही ठोकली. टाळ्या पडल्या. मी हवेत तरंगत केककडे हात नेला.

"थांब," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हिस्सा नाही, म्हणजे तू सभासद नाहीस. सभासद नाहीस, म्हणजे सेक्रेटरीही नाहीस. आणि केक फक्त सभासदांना आहे."

उरलेली सभा मी बाहेरून, खिडकीच्या काचेतून पाहिली. (केक फार छान झाला होता, असं इगॉन म्हणाला.)