चिमट्याचा बोल्ट आणि पेल्यांचा मनोरा

बाळांनो, जरा डोळे मिटा. नको, मिटू नका, मग पुढचं वाचणार कोण? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा.

अहमदपुरातली एक गल्ली. मोठ्या भूकंपाला अजून दोन वर्षंही झालेली नाहीत. इथल्या भिंती वाचल्या, पण माणसांच्या मनाला गेलेली चीर काही बुजलेली नाही. दगडामातीच्या माळवदाच्या छताखाली झोपायला कुणी तयार नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून घरांपुढं पत्र्याच्या खोल्यांची एकच रांग उभी केलीय. पत्रे ज्याचे त्याचे, पण त्यांना तोलणारा लोखंडी पाइप मात्र एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत! आणि प्रत्येक खोलीत फळीवर स्टीलच्या पेल्यांचा मनोरा. जमीन हलली की पेले खणखणत खाली येतात आणि घरातली माणसं बाहेर पळतात. दिसलं सगळं? मग तो पाइप आणि ते पेले नीट लक्षात ठेवा. शरदचंद्र सर विसरले, आणि म्हणूनच ही गोष्ट घडली.

सर विज्ञानाचे. लिंबाखाली लिंबोळ्या पडाव्यात तसे तेव्हा आमच्याकडं क्लासेस निघत होते. सरांनीही दाराबाहेर एक काळा फळा टांगला होता, 'विज्ञान क्लास, प्रवेश सुरू'. प्रवेश बरेच दिवस सुरूच होता, कारण आत कुणी येत नव्हतं.

सरांची मोटारसायकल क्लासपेक्षा पुष्कळ जुनी. लग्न झाल्यावर प्रेमलाबाई तिच्यावरूनच घरी आल्या होत्या. पण परसातल्या चिखलात राहून राहून तिचा मागचा चिमटा जाम झाला. चिमटा म्हणजे मागचं चाक ज्यात बसतं ना, तो लोखंडी फाटा. तो एका बोल्टावर वरखाली हलतो, म्हणून रस्त्यावरचा खड्डा रस्त्यावरच राहतो. चिमटा जाम झाला की खड्डा थेट आपल्या कमरेत येऊन राहतो!

"अहो," प्रेमलाबाई म्हणाल्या, "लातूरहून येताना या गाडीनं माझा एकेक मणका मोजलाय. उद्या लोह्याला भाच्याचं बारसं हाय. आज दुरुस्त झाली तर बसते तुमच्या मागं. न्हाई तर मी आन् मालू एसटीनं जातो, तुम्ही इथं खिचडी खा. आन् परवा भंगारवाल्याला बोलवा."

भंगारवाल्याला! सरांनी गाडीच्या टाकीवर हात ठेवला. मग छाती पुढं काढून ते म्हणाले, "चहा उकळेपर्यंत बोल्ट काढतो! विज्ञानापुढं गंज म्हणजे काय चीज आहे?"

चहा उकळला, गार झाला, त्यावर साय धरली. बोल्ट जागचा हलला नाही.

शेजारचे टेलर निजामोद्दीन चाचा शिलाई मशीनचं तेल घेऊन आले. "मास्तर, जोरजबरदस्ती करू नका. तेल पाजा. रुसलेल्या सुनेसारखं गोडीत घ्या." बोल्ट सगळं तेल प्यायला आणि ढेकरही न देता बसून राहिला.

सरांनी स्टोव्ह पेटवला. "मालू, बघ. लोखंड तापलं की फुगतं. भोक मोठं होईल, बोल्ट सुटेल."

त्यांची दहा वर्षांची लेक मालविका जाळाकडं बघत होती. "पण बाबा, बोल्टपण लोखंडाचाच हाय ना? मग तो न्हाई का फुगणार?"

सरांनी स्टोव्ह बंद केला. "चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. चांगल्या प्रश्नाला उत्तर नसलं की सर एवढंच म्हणत.

आता उरला घण. घाव घातला की गाडीच पुढं सरके, म्हणून सरांनी ती साखळीनं बांधली. कशाला? पत्र्याच्या खोलीच्या खांबाला. आणि तो खांब कशाला जोडलेला? बरोबर! तुम्हाला कळलं, सरांना नाही कळलं.

मालविका पाणी आणायला आत गेली आणि सरांनी घण उचलला. धाण्!

एका क्षणात गल्लीभर खणखणाट! "भागोऽऽ!" चाचा कुणाच्या तरी सफारीची एकच बाही घेऊन बाहेर पडले. समोरचे शेषेराव, वजनानं ज्वारीच्या पोत्याचे थोरले भाऊ, अर्ध्या गालाला साबण लावून आणि काखेत कुकर घेऊन धावले. प्रेमलाबाईंनी मालविकेला ओढत रस्त्यावर आणलं. आणि सगळ्यांच्या पुढं कोण? सर! घरातले पेले पडलेले ऐकून त्यांनी घण टाकला आणि "भूकंप! भूकंप!" करत गल्लीचं टोक गाठलं होतं!

धक्का पुन्हा आला नाही. सर चष्मा पुसत परतले. घाबरलेल्या माणसांना धीर द्यायचा तर शिकवायलाच हवं. "घाबरू नका. जमीन निवांत होताना एखादा धक्का अजून बसू शकतो. सावध राहा."

मंडळी आत गेली, पेले पुन्हा रचले गेले. सर कामाला लागले. धाण्!

पुन्हा खणखणाट, पुन्हा पळापळ! शेषेराव कुकर हलवत ओरडले, "सरांनी सांगितलेलंच! अगदी सांगितल्यापरमाणं!"

"मास्तर, कमाल आहे तुमची! रेडिओला पण कळत न्हाई हे!" चाचांनी बाहीनंच घाम पुसला.

सरांनी मान खाली घातली, पण मिशी काही खाली राहिना. शेषेराव जवळ येऊन म्हणाले, "सर, आमचा बसवराज उद्यापासून तुमच्या क्लासला. दुसरीकडं घालायचंच न्हाई."

पहिला विद्यार्थी! आणि धाण् करून तिसरा धक्का बसला तेव्हा तर सरांनी रस्त्यात उभं राहून भूगर्भाच्या पोटात काय चाललंय ते हातवारे करून सांगायला सुरुवात केली. पेले रचून आलेली माणसं माना डोलवत होती.

मालविका मात्र मान डोलवत नव्हती. ती साखळीकडं बघत होती, मग खांबाकडं, मग वरच्या पाइपाकडं.

"बाबा, मी सांगू भूकंप कुठून येतो ते?"

"सांग की! पण नुसतं सांगायचं नाही. विज्ञानात काय करायचं?"

"प्रयोग करून दाखवायचा."

"शाब्बास!"

मालविकेनं दोन्ही हातांनी घण जेमतेम उचलला आणि बोल्टावर सोडला. ठण्!

रस्त्यावर कुणाच्या पायाखाली काही हललं नाही. पण सगळ्या खोल्यांतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पेले कोसळत गेले.

शेवटचा पेला कुठं तरी गोल गोल फिरून थांबला. सरांचा भूगर्भ तोंडातच राहिला.

"म्हंजे," शेषेराव सावकाश म्हणाले, "सकाळधरनं तुम्ही भूकंप करून राहिले, आन् आम्ही पळून राहिलो? मी अर्धी दाढी घेऊन तीनदा पळालो, सर! तीनदा!"

"बसवराजचा प्रवेश..." सर पुटपुटले.

"गेला खड्ड्यात परवेश!" एवढं पळून शेषेरावांच्या पायांतली ताकद संपली होती. बसायला दुसरं काही नव्हतं. कुकर मांडीवर घेऊन ते धप्पकन् गाडीच्या मागच्या सीटवर आदळले.

कर्रर्र... कट्! गाडी खाली गेली. सगळे मागं सरले. गाडी वर आली. पुन्हा खाली, पुन्हा वर. वर्षभर जाम असलेला चिमटा पाळण्यासारखा हलायला लागला!

"अरे!" शेषेरावांचा राग निम्मा उतरला. "बरं वाटून राहिलंय की!" आणि ते आणखी थोडे झुलले.

बोल्ट आता बोटांनी निघाला. सरांनी गंज खरवडला, ग्रीस भरलं, चिमटा पुन्हा बसवला. मग गाडी अंगणात आणून ते प्रेमलाबाईंकडं बघत उभे राहिले. नापास होता होता वाचलेलं पोर गुणपत्रक दाखवताना बघतं तसे!

"अशी न्हाई बसायची मी," त्या म्हणाल्या. "मालू, पेले आण."

मालविकेनं मागच्या सीटवर मनोरा रचला. सर निघाले. पहिला खड्डा आला. पेले थरथरले, पण पडले नाहीत. दुसरा आला. तरी उभेच! सर वळून आले, आणि दारात उभ्या सगळ्या गल्लीला त्यांनी ऐटीत हात दाखवला.

खण्-खण्-खणाट!

चाचा सवयीनं पुन्हा रस्त्यावर आले.

प्रेमलाबाई पेले गोळा करताना हसत होत्या. "खड्ड्यानं न्हाई पडले, तुमच्या मिजाशीनं पडले. चला, उद्या बसते मागं. पण दोन्ही हात हँडलवर ठेवायचे!"

सरांना आभाळ ठेंगणं झालं. भंगारवाला गेला, लोहा आलं! त्यांनी बाह्या सरसावल्या. "आता कामाला लागलोच आहे, तर पुढच्या चाकाचा धक्के झेलणारा शॉकअपही मोकळा करून टाकतो. तोही जाम आहे. कुठाय घण?"

मालविकेनं क्लासमधला खडू घेतला, दाराबाहेर गेली, आणि फळ्यावर 'प्रवेश सुरू'च्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'भूकंप नाही. बाबा आहेत.'