सातवं मोसन

आमच्या शेजारचे हवालदार धोंडू म्हात्रे जेवायला बसत तेदेखील हुकूम देऊन. घरात दुसरे कुणीच नव्हते, त्यामुळे हुकूम देणारे तेच आणि पाळणारेही तेच. "टेनशन!" म्हणून ओरडायचे आणि स्वतःच ताठ उभे राहायचे. मग "स्टंडाटीज!" म्हणायचे आणि पाटावर बसायचे. भिंतीपलीकडे माझा घास हातातच राही.

मला या माणसाचा हेवा वाटत असे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लाजायला नको.

हवालदार मूळचे कोलशेतचे. बाप आणि आजा मिठागरात राबले. हे मात्र मिसरूड फुटताच पलटणीत शिरले, रिक्रुटांना कवायत शिकवण्यात म्हातारे झाले आणि पेन्शन घेऊन ठाण्यात आमच्या आळीत येऊन राहिले. मी म्युनिसिपालिटीत कारकून. रस्त्यांवरचे घासलेटचे दिवे बारा वर्षे माझ्या ताब्यात होते आणि हाताखाली सहा दिवाबत्तीवाले. त्यांना मी गोडीने सांगून पाहिले, दटावूनही पाहिले. एकाची शिडी घरी राही, दुसरा काच फोडी, तिसरा घासलेट भरून वात विसरे. पालथ्या घड्यावर पाणी!

एके दिवशी मी त्यांच्यावर ओरडत असताना हवालदार ओट्यावरून म्हणाले, "भाऊसाहेब, मानसं वाईट नाय. कवायत नाय."

रस्त्याने आमचे प्रेसिडेंटसाहेब चालले होते. त्यांनी हे ऐकले. झाले!

दुसऱ्या दिवसापासून तळ्याकाठी सहाजण शिड्या घेऊन ओळीत उभे. हवालदार जुन्या ठासणीच्या बंदुकीवर वाढलेले. दारू ओता, गोळी घाला, लोखंडी गजाने ठासा, गज जागेवर ठेवा, अशी ती भरायला दहा हालचाली लागत. त्यांना ते 'मोसन' म्हणत. साहेबाच्या 'मोशन'ला पलटणीत मिळालेला हा जन्म! दिवा लावण्याचीही त्यांनी दहा मोसने पाडली. शिडी खांद्यावर हे पहिले, खांबाला लावणे हे दुसरे, असे करत सहाव्याला काच बंद. सातव्याला डाव्या हाताने शिडी चाचपायची आणि मोठ्याने म्हणायचे, "हाय!" म्हणजे आहे. मग पुढच्या तीन मोसनांत उतरणे.

पहिल्या दिवशी तळ्याकाठून एकामागून एक सहा "हाय" आले तेव्हा माझी बायको पिठाच्या हातांनी बाहेर धावली. "अगंबाई, कुणाकडे गेलं कोण?"

पण महिन्याभरात दिवे दिवेलागणीलाच लागू लागले. ज्या माणसांनी मला बारा वर्षांत धड रामराम केला नव्हता, ती हवालदारांना टाचा जुळवून सलाम करू लागली. ते त्यांना "पोरांनो" म्हणत. त्यातल्या थोरल्याला दोन जावई होते, तोही लाजून हसे. बायको म्हणे, "हवालदारांचं कसं, शब्द पडला की काम. नाहीतर आपलं घर!" आणि वाटीभर अळूवड्या भिंतीपलीकडे जात. त्या माझ्या वाट्याच्या अळूवड्या होत्या, हे मी आजही विसरलेलो नाही.

एकदा मी तिरकसपणे विचारले, "हवालदार, ही मोसनं ठरवतं तरी कोण?"

"तुमाला वाटतं साहेबलोक खुर्चीत बसून लिवतात? मैदानात एक मानूस चुकतो भाऊसाहेब, तवा बुकात एक मोसन वाढतं."

ते कवायतीचे बुक त्यांच्याकडे होते. लाल पुठ्ठ्याचे, इंग्रजी. हवालदारांना वाचता येत नव्हते, तरी रोज उदबत्ती ओवाळीत. मी ते वाचायला मागितले. त्यांनी भाबडेपणाने फडक्यात गुंडाळून दिले.

माझी शंका सातव्या मोसनावर होती. तिथे फार वेळ जाई. सहा "हाय" हवालदार बोटांवर मोजत, मोजून झाले तरी उगाच थांबत, आणि मग आठवे मोसन. मी बुक दोनदा वाचले. हात लावून "आहे" म्हणण्याचे मोसन त्यात नव्हतेच! मला लॉटरी लागल्यासारखे झाले.

कलेक्टरसाहेबांची फेरी ठरली होती आणि ते घड्याळ लावून दिवे पाहणार होते. मी प्रेसिडेंटसाहेबांपुढे बुक ठेवले. "सातवं बनावट आहे. गाळलं तर वेळ वाचेल." त्यांनी सही केली. मी तो हुकूम हवालदारांना, सहाजणांसमोर, मुद्दाम सावकाश वाचून दाखवला.

ते म्हणाले, "हुकूम म्हंजे हुकूम." आणि नऊ मोसनांत कवायत घेतली.

फेरी उत्तम झाली. कलेक्टरसाहेबांनी माझ्याशी हस्तांदोलन केले. घरी येऊन मी अळूवड्या करायला सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून "टेनशन" आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी बुक परत करायला गेलो. खरे सांगायचे तर, पडलेला चेहरा बघायला गेलो. हवालदार पाटावर वाकून बसले होते. त्या माणसाची पाठ वाकलेली मी प्रथमच पाहिली.

"नाय ते बुकात," ते आपणहून म्हणाले. "बुकवाल्यांचा गन्या नवता."

गण्या त्यांचा धाकटा भाऊ. यांनीच त्याला पलटणीत भरती केले, यांनीच कवायत शिकवली.

"दुसऱ्या कंपनीचा एक हवालदार व्हता. त्याची मानसं माज्या मानसांपेक्षा पटापट बंदूक भरत. साहेब त्याचीच पाठ थोपटायचा. माज्या पोटात दुकायचं, भाऊसाहेब. मी गन्याच्या मागं लागलो, घाई कर, अजून घाई कर. लढाईत त्यानं घाई केली. गज नळीतच राह्यला नि गोळीसंगं उडून गेला. मंग गजाबिगर भरतो कशी? रिकामी बंदूक घेऊन हुबा राह्यला, मी सांगितलं तिथंच. तिथंच पडला. तवापासून माज्या मानसांना मी सातवं मोसन दिलं. गज जाग्यावर ठेव, हात लाव, मला वरडून सांग, हाय. पुढं मागून भरायच्या बंदुका आल्या, गजच गेला. मोसन काय मला सुटलं नाय."

पोटात दुखणे म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको होते. मला स्वतःची इतकी शरम वाटली की बुक तिथेच ठेवून मी चपला न घालताच बाहेर पडलो.

प्रेसिडेंटसाहेबांकडून तो हुकूम रद्द करून आणायला मला दुपार लागली. कारण विचारले तेव्हा म्हणालो, माझा अभ्यास कमी पडला. संध्याकाळी हवालदारांना जवळजवळ ओढतच तळ्यावर नेले. सहाजण शिड्यांवर होते. काचा बंद झाल्या आणि मी जन्मात पहिल्यांदा हुकूम सोडला, "मोसन सात!" आवाज चिरकला. शिड्यांवर हसू पसरले, पण मग एकेक करून आले, "हाय!" "हाय!"

हवालदार बोटे मिटत होते. सहा झाली. नेहमीसारखे ते थांबले, सातवे बोट तसेच उभे. इतके दिवस ते कुणाच्या "हाय"साठी थांबत होते ते मला आता कळले.

मी डावा हात जवळच्या शिडीला लावला आणि म्हणालो, "हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. तळ्याकडे बघत, घसा खाकरून म्हणाले, "भाऊसाहेब, उशीर झाला. आवाज पन बारीक. पुन्यांदा."

मी पुन्हा म्हणालो. मग त्यांनी ते बोट मिटले.