बिननावाचा गुच्छ

नाटकवाल्यांचे सगळे नियम मला तोंडपाठ आहेत, असं मी लिऑन शहरभर सांगत फिरायचो. रंगमंचावर 'दोर' हा शब्द उच्चारायचा नाही. हिरवा कपडा घालायचा नाही. काठीचे तीन ठोके पडल्याशिवाय पडदा हलवायचा नाही! नऊ वर्षं थिएटरचे दिवे सांभाळतोय, एक चूक दाखवा!

आणि नऊ वर्षं मी सिदोनीबाईंवर मरतोय. त्या मुख्य नटी. त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पाडायचा, एवढाच आमचा संसार! यंदा हंगाम संपत आला, तशी 'पुढच्या वर्षी मला ठेवतात की काढतात' या धास्तीने बाईंची झोप उडाली. म्हटलं, शेवटच्या खेळाला फुलं देऊ, तेवढाच जीव हलका होईल. कार्नेशनचा हा एवढा गुच्छ घेतला. नाव लिहायला हात धजेना, म्हणून तसाच त्यांच्या खोलीत ठेवून आलो.

खेळ संपला आणि आतून किंकाळी! बाईंचे कपडे सांभाळणारी मार्त धावत आली.

"अर्सेन, घात झाला! बाईंना कार्नेशन आली!"

"मग? वास छान असतो की!"

"अरे गाढवा, नटीला ठेवायचं असेल तर मालक गुलाब पाठवतात. कार्नेशन म्हणजे नारळ दिला!"

मला हे ठाऊक असणार कुठून? दिवेवाल्याला कधी कुणी फुलं पाठवली आहेत!

धावत मालकांच्या खोलीपाशी पोचलो, तर आत तोफ सुटलेली.

"वालादसाहेब, बारा वर्षं तुमची रटाळ नाटकं ओढली! तुमच्या त्या टोपाला खरे केस म्हटलं! आणि मला काढता? मीच चालले मार्सेयला!"

"बाई, ती फुलं मी..." मी दारातूनच म्हणालो.

बाई गर्रकन वळल्या. "तू तर बोलूच नकोस! नऊ वर्षांत एकदा तरी माझ्यावर धड उजेड पाडलास?"

बाई तरातरा निघून गेल्या. मी, नेहमीसारखाच, उभा राहिलो.

मालकांनी एका हाताने टोप सावरला. दुसऱ्या हाताने कपाटामागून गुलाबांचा गुच्छ काढला.

"तिच्यासाठीच आणले होते रे," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "घेऊन जा. बायकोला दे."

मला बायको नाही. गुलाब स्वयंपाकघरात बरणीत ठेवलेत. सकाळपासून टेबलावरचा दिवा सरकवून सरकवून बघतोय.

त्यांच्यावरही उजेड धड पडत नाही!