दोन पायल्यांची सॅक

ऑगस्टमधला दुसरा रविवार, सकाळी साडेआठ, वडिवळे धरणाचा काठ. हजर: दत्तूभाऊ, वय सदुसष्ट, होडीवाला बारकू, आणि मी. गैरहजर कुणी नाही, कारण भाऊंनी आणखी कुणाला बोलावलंच नव्हतं.

ही नोंद माझ्या डायरीतली. मी तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि यादीशिवाय मला भाजीसुद्धा आणता येत नाही. दत्तूभाऊ वलवणला माझ्या शेजारच्या घरात एकटेच राहतात. रेल्वेत गँगमन होते.

भाऊंना ओळखायचं तर रविवारी लोणावळा स्टेशनबाहेर उभं राहावं. ट्रेकला निघालेली पोरं पाठीवर भल्यामोठ्या सॅक लावून चहा पीत असतात. भाऊ मागून जातात, एका हातानं सॅक अलगद उचलून बघतात आणि निकाल देतात.

"साडेचार पायल्या. घरदार घेऊन निगाला का काय रं?"

किलो हे माप भाऊंना मान्य नाही. माणसानं प्रवासाला दोन पायल्या तांदळाइतकंच ओझं न्यावं, हा त्यांचा कायदा. म्हणजे साधारण सात-आठ किलो. त्याहून जास्त नेतो तो प्रवासी नव्हे, हमाल. या हिशेबानं ते टूथब्रशचा दांडा अर्धा कापतात, साबणाची वडी चौथाई करतात आणि टॉवेल म्हणून जुन्या धोतराचा तुकडा वापरतात. आमच्याकडे नवा फ्रीज आला तेव्हा बायको कौतुकानं दाखवायला गेली. भाऊंनी एक कोपरा किंचित उचलला आणि म्हणाले, "पंधरा. हा काय यायचा न्हाई आपल्यासंगं."

त्यांना जायचं होतं अंदमानला. चेन्नईहून बोट, तीही सगळ्यात खालच्या वर्गातली. मग या बेटावरून त्या बेटावर सरकारी बोटीनं, राहायला स्वस्तातली खोली, खायला मासे-भात. वडिवळ्याकडची त्यांची भातखाचरं धरणात गेली आणि वर फक्त टेकडी उरली. "तवा कळलं, बेट कसं हुतं त्ये," ते म्हणायचे. "आता देवानं केलेली बेटं बगायची."

सरावासाठी त्यांनी खाकी कापडाची सॅक शिवून घेतली होती. तिच्यात दोन पायल्या इंद्रायणी तांदूळ भरून ते रोज पहाटे तुंगार्लीच्या तळ्यापर्यंत जाऊन यायचे. तोच तांदूळ, पाच वर्षं. कडुनिंबाचा पाला घालून, मधूनमधून ऊन दाखवून त्यांनी तो जपला होता. तुंगार्लीच्या बंगल्यांवरचे राखणदार विचारत, "भाऊ, तांदूळ विकायचाय का?"

"विकायचा न्हाई, चालवायचाय."

या प्रवासाला जोडीदार मी. पाच वर्षांपूर्वी ओट्यावर चहा पिताना मी "चला की" म्हणालो होतो आणि तिथल्या तिथे यादी केली होती. पहिल्या वर्षी मुलीची दहावी आली. मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, मग कारखान्यातलं ऑडिट. दर वर्षी मी नाही म्हणण्याऐवजी यादी सुधारून द्यायचो. एकदा तर पावसाळी सामान आणि कोरडं सामान असे रकानेही पाडले. भाऊ ती यादी दोन्ही हातांनी घ्यायचे. "लय झ्याक. आता निगू की, सुधीरराव." नकार द्यायला एक वाक्य लागतं. मी पाच याद्या दिल्या.

त्या रविवारी रंगीत तालीम होती. धरण भरलं की मागच्या पाण्यात तीन टेकड्या वेगळ्या होतात. होडीनं एकीवरून दुसरीवर जायचं. माझ्या डायरीत त्या दिवशी चार कामं होती. चौथं होतं, 'भाऊंना सांगणे – यंदाही जमणार नाही.'

होडीत बसताना डायरी भिजू नये म्हणून मी ती भाऊंकडे दिली. प्लास्टिकच्या पिशव्या त्यांच्याकडेच असायच्या.

"उतरा, पैलं बेट," भाऊ म्हणाले.

"भाऊ, हितं उनाळ्यात आमची शेरडं चरत्यात," बारकू म्हणाला.

"आता हायेत का?"

"न्हाईत."

"मग बेट हाय."

दुसऱ्या टेकडीवर उतरताना मी त्यांची सॅक उचलली आणि थबकलो. तांदूळ घरी ठेवून त्यांनी पहिल्यांदाच खरं सामान भरलं होतं, पण माझ्या अंदाजानं ते तीन पायल्यांच्या वर होतं. कायदा खुद्द भाऊंनी मोडला होता. मी सॅक उघडली. ताटली एक हवी, दोन होत्या. पेले दोन. अर्ध्या दांड्याचे ब्रश दोन. आठ नंबरच्या रबरी चपला. भाऊंना सहा नंबर लागतो. आणि बिनसाखरेच्या चहाच्या पुड्या. भाऊ चहात तीन चमचे साखर घालतात.

"भाऊ, हे कुणाचं?"

"तुमचं," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "तुमाला कुटं भरायला येळ मिळतोय. म्हनलं, निदान सामानापायी तरी अडाय नगं."

चौथं काम माझ्याकडून झालं नाही. तिसऱ्या टेकडीकडे जाताना भाऊ होडीच्या टोकाला पाठमोरे बसले होते. काठावर उतरल्यावर त्यांनी डायरी परत दिली. कोरडी होती. त्या दिवसाच्या पानात खुणेची दोरी होती. ती मी आदल्या दिवसाच्या पानात ठेवली होती.

कामशेतपर्यंतच्या जीपमध्ये समोर दोन पोरं बसली होती, मांडीवर डोंगराएवढ्या सॅक घेऊन. भाऊंनी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते सॅक घेऊन निघताना रोज वाजणारी त्यांच्या फाटकाची कडी वाजली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. शनिवारी ते पितळी डबा घेऊन आले आणि बायकोच्या हातात देऊन म्हणाले, "शिजवा, वैनी. जुना तांदूळ हाय, मोकळा हुईल. लय फिरलाय." मी आत होतो. मला त्यांनी हाक मारली नाही.

डबा फडताळात आहे. तांदूळ आम्ही शिजवलेला नाही. बायको म्हणते, दुसऱ्या डब्यात काढा आणि हा परत द्या; पण शेजाऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत, चार लाडू तरी घाला. मी त्यात बोटीची दोन तिकिटं घालायला हवीत हे तिलाही माहीत आहे. चेन्नईच्या बोटीचं वेळापत्रक मी छापून आणलंय, रकाने पाडून.

डायरीत तीन आठवडे एकच ओळ पुढच्या पानावर जाते आहे: 'भाऊंचा डबा परत देणे.'