काहिलीला नळ

"उद्या सकाळी काहील काढायची," ओतिलियाबाई जेवणाच्या टेबलावर म्हणाल्या आणि त्यांच्या जावयाच्या घशात क्नेडलिकचा घास अडकला.

"कुठली काहील, आई?" लुमीरने कसाबसा घास गिळत विचारलं.

"कुठली म्हणजे? तांब्याची. आळीची. मागच्या छपरीत पोत्यांखाली झाकून ठेवलीय ती. उद्या आपला आलुबुखारांचा पोविदला लावायचा, सोमवारी काहील श्टेफाकडे जायची."

राद्काने नवऱ्याच्या पाठीत दोन धपाटे घातले तेव्हा कुठे घास खाली उतरला, पण लुमीरच्या चेहऱ्यावर रंग काही परतला नाही. समोर बसलेले सासरे, आलोइस, बशीतला रस्सा पावाने निपटून घेत होते. बशी चाटूनपुसून लख्ख झाली तरी त्यांनी मान वर केली नाही.

लुमीर होता ब्रनो शहरातला, चष्म्याच्या दुकानात काम करणारा. राद्काशी लग्न करून तो या डोंगराकडच्या गावात घरजावई म्हणून आला आणि येताना घरी बियर गाळण्याचं खूळ बरोबर घेऊन आला. वसंतात त्याने सासूबाईंच्या सुपाच्या पातेल्यात बियर उकळायला ठेवली होती. ती उतू गेली आणि शेगडीपासून पडद्यांपर्यंत सगळं स्वयंपाकघर चिकटलं. त्या दिवशी ओतिलियाबाईंनी अंगणाच्या कोपऱ्यातली कपडे धुण्याची जुनी खोली त्याच्या नावे केली आणि वर बजावलं, "तिथे काय घालायचा तो गोंधळ घाल. पण यापुढे माझी एक वस्तू जरी बिघडली, तर तू आणि तुझी बियर दोघंही ब्रनोला. राद्काला जायचं असेल तर ती जाईल."

राद्का गेली नसती. हे लुमीरला पक्कं ठाऊक होतं.

त्या खोलीत त्याने उन्हाळाभर खपून आपला कारखाना उभा केला होता. धान्य गाळायला मोडक्या वॉशिंग मशीनचं पिंप, बियर गार करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं, खाली काढायला दुधाच्या टाकीची अंगठा जाईल एवढी जाड तोटी. अडलं होतं ते उकळायच्या भांड्यापाशी. आणि मागच्याच आठवड्यात त्याला छपरीत पोत्यांखाली एक काळंहिरवं, अवाढव्य तांब्याचं भांडं सापडलं.

त्याने रीतसर विचारलंही होतं. "बाबा, हे घेऊ का?"

"घे की!" आलोइस म्हणाले होते. नुसते म्हणाले नाहीत, तोटीसाठी भोक पाडताना त्यांनी भांडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "जरा खाली पाड. सगळं निथळलं पाहिजे." जो माणूस बियरला भांडी धुतलेलं पाणी म्हणतो आणि घरच्या आलुबुखारांच्या कडक दारूखेरीज, स्लिवोवित्सेखेरीज कशाला तोंड लावत नाही, त्याने एवढी माया दाखवावी? लुमीरला गहिवरून आलं होतं.

आता त्याला निराळंच काही दाटून येत होतं. ती काहील एका घराची नव्हतीच. खालच्या आळीतल्या आज्यांनी मिळून ती घेतली होती आणि दर सप्टेंबरात ती घरोघर फिरायची. फार पूर्वी एका घराने तिची कडी वाकवली होती. त्या घराला गाव आजही 'कडीमोडे' म्हणतं, नातवंडांनासुद्धा. ओतिलियाबाईंच्या घराला आता काय म्हणतील, या विचाराने त्याची पाचावर धारण बसली.

जेवण होताच त्याने सासऱ्यांना अंगणात गाठलं.

"बाबा, ती आळीची काहील होती!"

"असेल बुवा." आलोइसनी पाईप पेटवला. "अंधार असतो छपरीत."

"आता काय करायचं?"

"करायचं काय? भोक ते भोक. मी सांगतो तिला, काहील जुनी झाली, विरली. यंदा पोविदला नको. आलुबुखार काय, वाया थोडेच जातात? पिंपात घालू."

"आई मला घराबाहेर काढतील!"

"चार दिवस ओरडेल," आलोइस शांतपणे म्हणाले. "मी रोज ऐकतो."

लुमीरला चार दिवसांची हमी पुरेशी वाटली नाही. त्याने तोटी काढून खिशात टाकली, भोकात एक जाडा बोल्ट घातला, बाहेरून तोटीचीच रबरी चकती लावली आणि बोल्ट असा पिळून बसवला की बोटं लाल झाली. पाणी भरून पाहिलं. थेंब नाही. त्याने त्या बोल्टची पापी घेतली.

सकाळी ओतिलियाबाई व्हिनेगर आणि मीठ घेऊन निघाल्या, तर जावई आधीच काहील घासत बसलेला. बोल्टच्या बाजूला पाठ करून.

"तू घासतोयस?" त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही."

"तुम्ही बसा आई. आज सगळं मी करतो. ढवळणारसुद्धा मीच."

पोविदला ढवळणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे तो असं बोलत नाही. साखर नाही, पाणी नाही, नुसते आलुबुखार दिवसभर आटवायचे. हात थांबला की तळाला लागलंच. या घरात आजवर ढवळायला आलोइसना जुंपलं जायचं आणि ते सकाळपासूनच पाठ धरून कण्हायला लागायचे. आज जावयाने आपणहून लांब दांड्याचं लाकडी वल्हं हातात घेतलं, तेव्हा ओतिलियाबाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, एप्रनच्या खिशात हात घातला आणि म्हणाल्या, "बरं. होऊन जाऊ दे."

अंगणात लोखंडी तिवईवर काहील चढली. लुमीर बोल्टला पायांआड घेऊन उभा राहिला आणि वारा नेमका त्याच्याच दिशेने वाहायला लागला.

"अरे, धुरात काय उभा राहतोस? या बाजूला ये!"

"मला धूर आवडतो, आई." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"आवडीने रडतोयस होय?" राद्का कोयी काढलेल्या फळांची टोपली काहिलीत रिकामी करत म्हणाली. तिला काहीच ठाऊक नव्हतं, आणि तिला काही सांगायची लुमीरची छाती नव्हती.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. फळं विरघळली, रस गडद झाला, अंगणभर गोड वास सुटला. लुमीरचे खांदे भरून आले होते, पण बोल्ट जागेवर होता. अशातच शेजारच्या श्टेफाकाकू आल्या. काहील सोमवारी त्यांच्याकडे जायची होती, म्हणून आजपासूनच नजर ठेवायचा हक्क आपला आहे असं त्यांना वाटत होतं. त्या बाकावर बसल्या, चव बघितली, आणि मग त्यांचं नाक वर झालं.

"ओतिलिया, रबर जळल्यासारखं नाही येत?"

लुमीरने खाली पाहिलं. बोल्टभोवतीची रबरी चकती मऊ होऊन ओघळत होती.

"माझा बूट!" तो ओरडला. "माझा बूट जळतोय!"

"कुठे? धड तर आहे."

आता पुरावा देणं भाग होतं. लुमीरने डोळे मिटून उजवा पाय विस्तवाच्या कडेला नेला आणि टाच खरोखरच धुमसेपर्यंत तिथेच ठेवला. नवे बूट होते. श्टेफाकाकूंची खात्री पटली.

"शहरातली माणसं," त्या हळहळल्या. "पाय कुठे ठेवावा तेही कळत नाही."

आलोइस बाकाच्या दुसऱ्या टोकाला पाईप ओढत होते. त्यांची नजर बूट, बाई, विस्तव सगळं सोडून थेट बोल्टवर होती. आणि लुमीरला क्षणभर वाटलं की ते त्या बोल्टला मनातल्या मनात पड, पड म्हणताहेत.

बोल्ट पडला.

ठण्णकन तिवईवर आपटून राखेत गेला, आणि त्याच्यामागून रटरटता पोविदला धारेने बाहेर आला. विस्तव फुसफुसला. श्टेफाकाकू किंचाळल्या. राद्का "आई!" म्हणाली. लुमीरच्या तोंडचं पाणी पळालं, पण हात पळाले नाहीत. त्याने वल्हं टाकलं, राद्काचा एप्रन ओढून हाताला गुंडाळला, खिशातली तोटी काढली आणि धारेतच भोकात घुसवून पिळत, पोळत, देवाचं नाव घेत घट्ट बसवली.

धार थांबली. आटलेला रस स्वतःच फटीत शिरून बसला, थेंबसुद्धा गळेना.

अंगणाच्या मधोमध, आज्यांच्या काहिलीला, दुधाच्या टाकीची चकचकीत तोटी लागली होती.

"आई," लुमीर म्हणाला, "मी सामान बांधतो."

"वल्हं उचल आधी," ओतिलियाबाई म्हणाल्या. "खाली लागेल."

त्याने वल्हं उचललं. ओतिलियाबाईंनी एक बरणी घेतली, तोटीखाली धरली आणि कान पिळावा तशी ती पिळली. काळाभोर पोविदला आढेवेढे घेत, पण नेमका बरणीत उतरला. कडेला एक डाग नाही. त्यांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. वर्षानुवर्षं पळीने भरताना पडलेले चटक्यांचे जुने व्रण तिथे होते.

"श्टेफा, बघ गं."

श्टेफाकाकूंनी स्वतः तोटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. "सोमवारी मला अशीच पाठव," त्या म्हणाल्या. "काढून ठेवलीस तर बघ!"

लुमीर दुप्पट जोराने वल्हं मारायला लागला.

"बरण्या भरायला वेळच लागत नाही म्हणजे," ओतिलियाबाईंनी हिशेब मांडला. "मग आजच दुसरा घाणाही लावू. राद्का, उरलेले सगळे आलुबुखार आण."

आलोइसच्या तोंडातून पाईप सुटला. "ते माझ्या स्लिवोवित्सेच्या पिंपासाठी ठेवलेत!"

"होते," ओतिलियाबाई म्हणाल्या.

भांडं इतक्या प्रेमाने कोणी आणि का धरलं होतं, ते लुमीरला त्या क्षणी समजलं. त्याने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी डोंगराकडे पाहिलं.

संध्याकाळी दुसऱ्या घाण्याच्या बरण्या भरल्या जात असताना आलोइस जावयाशेजारी येऊन उभे राहिले. पुढच्या वर्षी फळ येईपर्यंत स्लिवोवित्सेचा थेंब निघणार नव्हता. त्यांनी पाईप दोनदा झटकला.

"ती तुझी बियर," शेवटी ते म्हणाले, "किती दिवसांत होते म्हणालास?"

"भांडंच गेलं बाबा. कशात उकळू?"

आलोइसनी आवाज खाली आणला. "डुक्कर कापतो तेव्हाचा सुपाचा मोठा हंडा आहे. कोणाला लागत नाही. मी धरतो."

लुमीर शहरातला असला तरी एवढा शहरातला नव्हता. तो वळून मोठ्याने म्हणाला, "आई! सुपाच्या हंड्याला भोक पाडू का?"

"पाड," बरणीवरून नजर न काढता ओतिलियाबाई म्हणाल्या. "पण धरायला ह्यांना घेऊ नकोस. मागच्या खेपेला दोघांचं बोलणं थेट स्वयंपाकघरात ऐकू येत होतं."

लुमीरचा हात वल्ह्यावरच थबकला. "तुम्हाला ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?"

"का बोलू? घासायला माणूस मिळाला, ढवळायला मिळाला. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा बाकावर बसून कॉफी प्यायले."

"आणि काहील रिकामी झाली असती म्हणजे?"

ओतिलियाबाईंनी एप्रनच्या खिशातून एक जाडजूड लाकडी बूच काढलं आणि आलोइसच्या हातात ठेवलं.

आलोइसनी ते उलटसुलट करून पाहिलं. त्यांच्याच पिंपाचं होतं.

"ठेवा जपून," ओतिलियाबाई म्हणाल्या. "यंदा तुम्हाला लागणार नाही."