गोपिकाबाईंचे समन्स

आमच्या आळीतल्या गोपिकाबाईंना घटस्फोट हवा होता, आणि त्यासाठी ही गोष्ट नवऱ्याला रीतसर कळणे आवश्यक होते. हे १९७८ साल. नवरा मनोहरराव सात वर्षांपूर्वी विलायतेत लीड्सला गेला आणि तिथेच दुसरा संसार थाटून बसला. दर दिवाळीला तो सबंध आळीला ग्रीटिंग कार्ड पाठवी, बायको सोडून. इकडे आळीतलेच वामनराव कंपाउंडर गोपिकाबाईंशी लग्नाला तयार होते, पण त्यांचीही चाळिशी उलटत चालली होती.

नागपूरच्या कोर्टाचे समन्स दिल्लीमार्गे लीड्सला निघाले. पोहोचेपर्यंत तारीख टळून गेली. दुसऱ्यांदा इंग्रजी तर्जुमा नाही म्हणून परत आले. तिसऱ्यांदा तर्जुमा होता, पण मनोहरराव चौदा नंबरातून शेजारच्या सोळात राहायला गेला होता. शेरा पडला, 'इसम मिळून येत नाही.' बाईंनी नव्या पत्त्याचे दिवाळीकार्ड कोर्टाच्या शिरस्तेदारापुढे धरले.

"हे तुमच्या नावानं आलं?"

"नाही, शेजाऱ्यांच्या."

"मग तो कुठं राह्यते, हे तुम्हाले काय माहीत?"

चार वर्षे अशीच गेली. शेवटी हुकूम झाला : प्रतिवादीच्या भारतातील शेवटच्या पत्त्यावर बजावा. बेलीफ नत्थूजी घाम पुसत आला आणि त्याने गोपिकाबाईंचेच दार ठोठावले.

"मनोहरराव हायेत का?"

"ते इथं असते तर मी दावा काहून लावला असता जी?"

"घरात दुसरं मोठं माणूस?"

"मीच."

"तुमी त्याईच्या कोण?"

"बायको. नशीब माझं!"

"मंग झालं. कुटुंबातली प्रौढ व्यक्ती! करा सही बाई, मले अजून धंतोलीले जायाचं हाय."

बाई कोर्टाला इतक्या विटल्या होत्या की त्यांनी सही केली. पंच म्हणून मी आणि शेजारच्या रुपरावांनीही सह्या ठोकल्या. मग चहा झाला.

निकाल महिनाभरात लागला. समन्स यथायोग्य बजावले गेले. वादी ही प्रतिवादीच्याच कुटुंबात नांदत असल्याचे दोन प्रतिष्ठित पंचांनी लेखी दिले आहे. सबब पतीने पत्नीस टाकल्याचे सिद्ध होत नाही. दावा खारीज.

त्या वैशाखात वामनरावांनी खापा गावची मुलगी केली. गोपिकाबाई माझ्या ओसरीवर आल्या.

"भाऊ, त्या कागदावर काय लिहिलं होतं, तुमी वाचलं नव्हतं?"

"वाचायचं? बाई, आम्हाला तर सही मागितली होती!"

त्या ओसरी उतरून निघून गेल्या. मला फार वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. पण तुम्ही असे डोळे वटारू नका. एखादा कागद पुरता वाचून सही केली, ती तुम्ही शेवटची कधी?