गोल डबे उघडणारे तात्या

आमच्या शेजारचे शंकरतात्या कुणाच्याही घरी गेले की आधी गोल डबा हुडकतात आणि न विचारता उघडतात. नातवासाठी मुलगी बघायला इचलकरंजीला गेले, तेव्हा पोहे यायच्या आत मुलीकडच्यांचा चकल्यांचा डबा यांच्या मांडीवर होता. "गैरसमज करून घिऊ नगा पावणं," तात्या म्हणाले, "सिनिमा शोधतोय." लग्न तरीही जमलं. मुलीकडची माणसं खरंच मोठ्या मनाची.

हा सिनेमा मूकपटांच्या जमान्यातला. त्याची एकही प्रत अजून कुठे सापडलेली नाही. तात्यांच्या आई लग्नाआधी, सोळाव्या वर्षी, त्यात नायिका होत्या. तात्या सहा महिन्यांचे असताना त्या वारल्या. सिनेमातली बाई म्हणून सासरच्यांनी त्यांचे होते नव्हते ते फोटो चुलीत घातले. म्हणजे तात्यांनी ऐंशी वर्षांत आईचा चेहरा पाहिलेला नाही. कुणाच्या तरी घरी रिळाचा गोल डबा सापडला की आई दिसणार, एवढीच त्यांची आशा.

गोष्ट मात्र मामांकडून ऐकून तोंडपाठ. नारळाचं बेट, मळेवाल्याची लेक, गलबत फुटून वाहत आलेला नायक, विषाचा पेला, वादळ आणि भरपूर रडारड. हे बेट आपल्या रंकाळ्यावर उभं केलं होतं. बाभळींना नारळाच्या झावळ्या बांधलेल्या. वाघाच्या कातड्यात खुद्द मामा.

"ऐन वादळात समुद्रात म्हशी शिरल्या की वो वैनी! डायरेक्टर वरडतोय, म्हशी काय हालत न्हाईत!"

हे सांगताना तात्या म्हशीसुद्धा करून दाखवतात. मी निदान पन्नास वेळा पाहिल्या असतील. वाघापेक्षा म्हशी त्यांना जास्त जमतात.

गेल्या महिन्यात पुण्याहून एक मुलगी आली. जुन्या सिनेमांवर ती अभ्यास करते. इथल्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत तिला या शूटिंगचा फोटो मिळाला होता, मागे आईंचं नाव लिहिलेला. तात्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला बोलावून घेतलं. "एकट्याला धीर हुईना," म्हणाले.

मुलीनं लॅपटॉप उघडला. झावळ्यांखाली एक सडपातळ पोरगी उन्हानं डोळे बारीक करून उभी होती.

तात्या स्क्रीनवर वाकले. मी म्हशींची वाट बघत बसले, पण त्या काही आल्या नाहीत. मलाच रडू फुटायला लागलं.

"आईच ना, आजोबा?" मुलीनं विचारलं.

"व्हय. नाव हाय की मागं." मग चष्मा पुसून ते पुन्हा वाकले. "पर ही तर आमच्या धाकट्या नातीएवढी हाय."

त्यांचं बोट फोटोच्या तळाशी गेलं.

"पाय बघा वैनी. एवढ्या उन्हात दगडावर अनवाणी हुबी केलीया लेकराला. इतकी माणसं हुती, कुणाला दिसलं न्हाई?"

आणि त्यांनी आपला तळहात आडवा करून तिच्या पायांवर सावली धरली.